"आजी वारीला गेल्यात": नाशिकच्या एका पोर्टलमधलं प्रकरण आणि 'शॅटर्ड ग्लास' नावाचा सिनेमा

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधल्या एका छोट्या न्यूज पोर्टलचं आहे. नाव सांगत नाही, माणसांची ओळख पटेल असे तपशील बदललेत, जागाही थोड्या इकडच्या तिकडे केल्यात. मी तिथे वेबसाइट आणि व्हिडिओचं काम पार्ट टाइम बघायचो, त्यामुळे बातम्यांच्या भांडणात माझं मत कोणी विचारत नसे पण कानावर सगळं पडायचं.

शालिमारकडच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, चार टेबलं आणि मनात आलं तर चालणारा एक प्रिंटर, एवढाच पसारा. संपादक आणि मालक एकच, मॅडम. आधी मोठ्या दैनिकात होत्या, तिथून बाहेर पडून स्वतःचं काढलं. डेस्कवर अण्णा, दैनिकातून रिटायर झालेले उपसंपादक, निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरातले, दुपारी येणार, चहा घेणार आणि पोरांच्या कॉपीतले ऱ्हस्व-दीर्घ काढत बसणार. फील्डवर तीन-चार जण, त्यातला एक या प्रकरणातला. त्याला इथे नुसतं पोरगा म्हणतो, अण्णा पण तेच म्हणायचे.

पोरगा ऑफिसचा लाडका होता, आणि ते उगाच नाही. कोणाचा वाढदिवस कधी, कोणाच्या आईचं ऑपरेशन कधी, सगळं लक्षात. गावाहून येताना पिशवीभर द्राक्षं आणणार, नाहीतर चिवड्याचं पाकीट. लिहायचा पण छान. रविवारचं एक सदर त्याच्याकडे होतं, साध्या माणसांवरचं. रामकुंडात बुडी मारून नाणी काढणारा मुलगा, सातपूर एमआयडीसीत नाइट शिफ्ट करून दिवसा एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी, असले विषय. पोर्टलवर बाकी पाणीकपात, सिंहस्थाच्या कामांची बैठक, अपघात, तेच ते. ते कोण शेअर करतंय. सदर मात्र व्हॉट्सॲपवर फिरायचं, आणि त्यासाठी त्याला वेगळं मानधन होतं.

मे महिन्यात त्याने एका आजीवर लिहिलं. येवल्याकडची विधवा बाई, बारा गोण्या कांदा घेऊन बाजार समितीत आली, लिलावात भाव असा मिळाला की हमाली, तोलाई आणि गाडीभाडं जाऊन उलट पदरचेच पैसे द्यावे लागले. गेटवर उभी राहून तिने पदराची गाठ सोडली आणि नाणी मोजून ड्रायव्हरच्या हातावर ठेवली. हा पदराच्या गाठीचा प्रसंग वाचून भलेभले रडले. मीही दोनदा वाचला होता.

असं घडूच शकत नाही असं इथे कोणी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरला एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून सगळा खर्च वजा जाता हातात २ रुपयांचा चेक मिळाला होता, देशभर बातमी झाली होती. त्यामुळे आजीबद्दल शंका घ्यावी असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

अडचण कुठून सुरू झाली

दोन फोन आले, साधारण एकाच आठवड्यात.

पहिला पुण्यातल्या एका वाचकाचा. आजींना पैसे पाठवायचेत, नंबर द्या. मॅडमनी पोरग्याला विचारलं, तो म्हणाला आजींकडे फोन नाही. ठीक आहे, पटण्यासारखं आहे. पण हा माणूस चिवट निघाला, दर दोन दिवसांनी फोन करायचा, त्याच्या सोसायटीतल्या लोकांनी पण वर्गणी काढली होती.

दुसरा फोन निफाडकडच्या एका शेतकऱ्याचा, तो अण्णांनी घेतला. शांतपणे बोलला. म्हणाला, तुमच्या माणसाने ज्या दिवशी लिलाव बघितला म्हणून लिहिलंय त्या दिवशी वैशाख अमावस्या होती, शनी जयंती, त्या समितीत अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद असतात. आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे कांदा मोकळा येतो, ट्रॅक्टरमध्ये नाहीतर पिकअपमध्ये, गोण्या कसल्या?

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अमावस्येला लिलाव बंद ठेवायची नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधली जुनी पद्धत, आता काही ठिकाणी मोडली पण त्या समितीत तेव्हा चालू होती. आणि गोणीतला कांदा म्हटलं की इथला माणूस सोलापूरच्या बाजाराचं नाव घेणार. अण्णांना हे बातमी वाचतानाच खटकायला हवं होतं, ते स्वतःच नंतर चिडून तसं म्हणाले, पण त्या आठवड्यात ते सुट्टीवर होते आणि कॉपी सरळ अपलोड झाली होती.

काय काय करता आलं असतं

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. पोरग्याला समोर बसवा, विचारा, आत्ता.

मॅडमना ते पटेना. एक तर तारखेची चूक असू शकते, आदल्या दिवशी गेला असेल आणि लिहिताना घोळ झाला असेल. गोण्यांचं पण तसंच, कोणी एखादी म्हातारी थोडासा माल गोणीत भरून आणूच शकते. एवढ्यावरून तू खोटारडा आहेस असं म्हणायचं आणि तो खरा निघाला तर? चांगलं लिहिणारा एकच माणूस, तो उठून गेला तर सदर बंद. हे शेवटचं त्या मोठ्याने बोलल्या नाहीत पण सगळ्यांना कळत होतं.

बातमी गुपचूप काढून टाकायची असं पण एकाने सुचवलं. लिंक बंद, विषय बंद. पण ती इतक्या ग्रुपांवर स्क्रीनशॉट होऊन फिरत होती की काढून काय उपयोग, उलट काढली का म्हणून विचारणारे वाढले असते. अण्णा स्वतः बाजार समितीत जाऊन चौकशी करायला तयार होते, त्यांच्या ओळखी होत्या, पण मॅडमना भीती की बाजारात एक माणूस विचारायला लागला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्याला कळतं.

मग मॅडमनी चौथा मार्ग काढला. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एक सिनेमा बघितला होता. म्हणाल्या, सगळ्यांना दाखवू, ट्रेनिंग म्हणून. मुलगा हुशार आहे, बघून त्याला कळेल, आणि स्वतःहून येऊन सांगेल. म्हणजे त्याची पण इज्जत राहील.

अण्णांनी एवढंच विचारलं, "आणि नाही सांगितलं तर?"

एक गोष्ट मात्र अण्णांनी मॅडमकडून कबूल करून घेतली. अमावस्येचं पोरग्याला सांगायचं नाही. त्याला फक्त एवढंच कळावं की पुण्याच्या वाचकाला आजींचा नंबर हवाय. पूर्ण प्रकरणात माझ्या मते हा सगळ्यात शहाणा निर्णय होता, आणि तो जवळजवळ सहज घेतला गेला.

सिनेमा

'शॅटर्ड ग्लास', २००३ चा. दिग्दर्शक बिली रे, त्याचा पहिलाच. साधारण दीड तासाचा. खऱ्या घटनेवर आहे. वॉशिंग्टनचं 'द न्यू रिपब्लिक' हे राजकीय वजन असलेलं मासिक, तिथे स्टीफन ग्लास नावाचा पंचविशीतला पत्रकार, सगळ्यांचा लाडका. मे १९९८ मध्ये त्याने एक लेख लिहिला. पंधरा वर्षांचा एक हॅकर जुक्ट मायक्रॉनिक्स नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीत घुसतो आणि कंपनी त्याच्यावर खटला करायच्या ऐवजी त्यालाच नोकरी देऊ करते. 'फोर्ब्स'च्या डिजिटल आवृत्तीतल्या ॲडम पेनेनबर्गने ही बातमी आपल्याकडून कशी सुटली म्हणून शोधायला सुरुवात केली तर ती कंपनीच सापडेना. पुढे मासिकाने स्वतः तपासलं तेव्हा ग्लासच्या ४१ लेखांपैकी २७ मध्ये काही ना काही बनावट निघालं, काही तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

सिनेमा चालला नाही. बजेट साधारण ६० लाख डॉलर होतं, कमाई त्याच्या निम्म्याच्या आसपास. ग्लास झालाय हेडन क्रिस्टेन्सन, ज्याला लोक 'स्टार वॉर्स'वाला म्हणूनच ओळखायचे आणि तिथे त्याला बऱ्याच शिव्या पडल्या होत्या, त्यामुळे हा बघायला कोण जाणार. इथे तो इतका बरोबर बसलाय की विचारू नका, तो सारखा लोकांना विचारत असतो की तू माझ्यावर रागावलीस का, आणि तेवढ्यात समोरचा विरघळतो. संपादक चक लेनच्या भूमिकेत पीटर सार्सगार्ड, त्याला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं होतं. पत्रकारितेवरचा सिनेमा म्हटलं की लोकांना २०१५ चा 'स्पॉटलाइट' आठवतो, ऑस्कर मिळाला, पत्रकार हिरो. ह्या सिनेमात पत्रकार चोर आहे आणि त्याला पकडणारा माणूस ऑफिसात कोणाला फारसा आवडत नाही. असा सिनेमा चालणं अवघडच होतं, पण न्यूजरूमचं रोजचं वातावरण याच्याइतकं खरं मला दुसरीकडे दिसलं नाही.

यातली एक गोष्ट आमच्या प्रकरणाला थेट लागू होती. त्या मासिकात लेख तपासायची पद्धत कडक होती, एकामागून एक हातांखालून जायचा, आकडे, नावं, तारखा सगळं बघायचे. पण ज्या गोष्टीला दुसरा कागद नाही तिथे रिपोर्टरची स्वतःची टिपणं हाच पुरावा धरायचे. ग्लासने आधी तिथे तपासणीचंच काम केलेलं, त्यामुळे भोक कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक. आमच्याकडे तेच, फक्त गरीब आवृत्ती. अण्णा गावाचं नाव, तालुका, क्विंटलचा भाव तपासणार. माणूस आहे का नाही हे कोण तपासणार, तो रिपोर्टरच्या डायरीत आहे ना.

सिनेमाची संध्याकाळ

शनिवारी संध्याकाळी, ऑफिसातच. खरं तर मॅडमना बाहेर कुठेतरी छोटा हॉल हवा होता, इतर पत्रकारांनाही बोलावता येईल म्हणून, पण दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात दहा-बारा माणसांना सिनेमा दाखवायला परवडेल असा हॉल मिळाला नाही. मी प्रोजेक्टर लावला, भिंतीवर पांढरी चादर. मिसळ पार्सल आणली होती, रस्सा सांडला आणि एक्स्टेंशन बोर्ड वाचवता वाचवता पहिली दहा मिनिटं गेली.

गंमत म्हणजे अर्ध्या सिनेमापर्यंत सगळे ग्लासच्या बाजूने होते. एक जुना लेख असतो, हॉटेलच्या खोलीत तरुण कार्यकर्ते मिनीबारमधली दारू पितात असा, आणि तक्रार येते की त्या हॉटेलात मिनीबार नाहीतच. आधीचा संपादक मायकेल केली हॉटेलला फोन करतो, भाड्याने छोटा फ्रीज मिळतो एवढं कळतं आणि तो समाधान मानतो. तिथे आमच्यातली एक जण म्हणाली, बघा, असा पाहिजे संपादक. मॅडम काही बोलल्या नाहीत.

मग तो प्रसंग येतो. लेन ग्लासला गाडीत घालून वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाला नेतो, दाखव म्हणतो, कुठे भरली होती ती हॅकर लोकांची परिषद. ग्लास एका इमारतीची लॉबी दाखवतो, इथे टेबलं होती, तिथे मुलगा उभा होता. आणि तिथला माणूस सांगतो की रविवारी ही इमारत बंद असते. ग्लास तरी सांगतच राहतो. खोलीत कोणी खात नव्हतं तेव्हा. अण्णांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे एकदा बघितलं. रविवारी बंद इमारत, अमावस्येला बंद बाजार, खोलीतल्या तिघांनाच ते लागलं.

सिनेमा संपल्यावर चर्चा. सगळे मानसशास्त्र वगैरे बोलायला लागले, का केलं असेल, आईवडिलांचं प्रेशर असेल. पोरगा शांत होता. मॅडमनी मुद्दाम विचारलं, तुला काय वाटलं रे? तो म्हणाला, "मॅडम, त्याने ती कंपनीची वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड, व्हॉइसमेल सगळं नंतर घाईत बनवलं म्हणून पकडला गेला, नाही का?"

मॅडमना वाटलं चांगलं निरीक्षण आहे. मला पण तसंच वाटलं तेव्हा.

त्यानंतर

सोमवारी त्याने येऊन काही कबूल केलं नाही. मंगळवारी एक नंबर आणून दिला, आजींच्या पुतण्याचा. आधी फोन नव्हता, आता पुतण्या निघाला. दोन दिवसांनी हिशोबपट्टीचा, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशोबाच्या पावतीचा, फोटो आला, चुरगळलेली पट्टी, तारखेसकट. आणि आजी भेटतील का असं विचारलं तर म्हणाला, आजी वारीला गेल्यात, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघाली ना, त्यात.

हे ऐकून मी मनातल्या मनात दाद दिली. ज्येष्ठ महिना, म्हातारी, फोन नाही, पंढरपूरच्या वाटेवर. महाराष्ट्रात या कारणावर पुढचा प्रश्न कोण विचारतो? आषाढीपर्यंत मोकळीक.

पण पट्टीवर तारीख तीच होती, अमावस्येची. बातमीतली तारीख बघून बनवली होती, कारण त्या दिवशी लिलावच नव्हते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पुतण्याला फोन अण्णांनी लावला, स्पीकरवर, मॅडम समोर. मी केबल शोधायच्या निमित्ताने तिथेच.

"राम राम. आजींचा माल तुम्हीच घेऊन गेलता ना बाजारात?"

"हो, मीच. पिकअप होती."

"बरं. उन्हाळ होता का लाल?"

तिकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "लाल. चांगला लाल होता."

"आणि चाळीत किती ठेवलाय अजून?"

"आहे की थोडा."

"लालच?"

"हो."

अण्णांनी "बरं बरं, आजींना नमस्कार सांगा" म्हणून फोन ठेवला. मेमध्ये बाजारात असतो तो उन्हाळ कांदा, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, टिकतो तो पण उन्हाळच. लाल हिवाळ्यात येतो आणि लगेच विकावा लागतो, चाळीत घातला तर सडून जाईल. येवल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरातलं पाचवीतलं पोर हे सांगेल. पुतण्या म्हणजे पोरग्याचा रूममेट होता, कोकणातला, हे नंतर कळलं.

आता मॅडमनी तेच केलं जे लेनने केलं होतं, आणि सिनेमाच्या आधी करायला हवं होतं असं माझं मत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला म्हणाल्या, चल, गाडीत बस, आजींच्या गावाला जाऊ, घर तर दिसेल. अण्णा मागे बसले. मी नव्हतो, पुढचं अण्णांकडून आणि नंतर थोडं पोरग्याकडून ऐकलेलं.

निफाड सोडेपर्यंत तो अण्णांशी नीट गप्पा मारत होता, द्राक्षांच्या छाटणीबद्दल वगैरे. अण्णांनी मध्येच विचारलं, "आजी कोणाच्या दिंडीत आहेत? महाराज कोण? माझे दोन-तीन ओळखीचे विणेकरी आहेत त्यात, फोन लावतो." तिथून तो गप्प झाला. गावात पोचल्यावर त्याला गल्ली आठवेना, मग म्हणाला गाव बहुतेक पुढचं. पुढच्या गावाच्या फाट्यावर चहाच्या टपरीवर मॅडमनी गाडी थांबवली आणि काही विचारलंच नाही, तिघांचा चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्याने सांगून टाकलं.

आजी नव्हती. निमाणी बस स्टँडवर भाजी विकणारी एक बाई त्याने कधीतरी बघितली होती, कंडक्टरला द्यायला तिने पदराची गाठ सोडली होती, तेवढं खरं. बाकी सोलापूरच्या बातमीवरून जुळवलेलं, गोण्या पण तिथूनच आल्या, त्या बातमीत दहा होत्या, याने बारा केल्या.

मग त्याने विचारलं, "पण मॅडम, शेतकऱ्याचं असं होतंच ना? त्यात खोटं काय आहे?"

मॅडमना लगेच उत्तर सुचलं नाही. अण्णा म्हणाले, "सोलापूरचा माणूस खराय, त्याचा चेक खराय. तुझ्या आजीमुळे उद्या त्याला पण लोक विचारतील, तू खरा कशावरून."

निकाल

पोरग्याला काढलं, महिन्याचे पैसे पूर्ण दिले. आजीच्या बातमीवर वर ठळक टीप टाकली. पुण्याच्या वाचकाला मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काही न बोलता ठेवला. सोसायटीच्या वर्गणीचं काय केलं माहीत नाही, एक रुपया इकडे आला नव्हता हे नक्की. पोरग्याने पैशासाठी केलं नव्हतं, उलट लोक पैसे द्यायला निघाले तिथूनच त्याची झोप उडाली होती.

मग जुनी सदरं तपासायचं काम निघालं, आणि हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं. अण्णा आणि अजून एक जण एकेक माणूस शोधत फिरले. रामकुंडातला मुलगा खरा निघाला, निम्मा घाट त्याला नावाने ओळखतो. एमपीएससीवाली मुलगी सापडली नाही, ज्या कंपनीचं वर्णन होतं तिथे रात्रपाळीला त्या काळात बायका नव्हत्याच. काहींचं अर्धं अर्धं, माणूस खरा आणि बोलणं बनवलेलं. निम्म्याहून थोडी कमी सदरं बाद झाली. सदर बंद झालं, वाचक घटले, दोन जाहिराती गेल्या.

अण्णा निफाडच्या त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन आले. आता बाजारावरची कुठलीही बातमी असली की आधी त्याला फोन जातो, तो कधीकधी कंटाळतो पण.

वेगळं काय करता आलं असतं

मॅडमचं अजूनही म्हणणं आहे की सिनेमा दाखवला ते बरोबर होतं, संधी द्यायला हवी. माझं नाही. शंका असलेल्या माणसाला न विचारता सिनेमा दाखवणं म्हणजे परीक्षेच्या आधी पेपर दाखवणं झालं. तो त्याच्या आधी फक्त एक खोटं बोलला होता, फोन नाही. सिनेमानंतर पुतण्या, हिशोबपट्टी आणि वारी. त्यात रूममेट पण ओढला गेला, ज्याचा काहीच संबंध नव्हता. बातमी छापली ती एक चूक, पण खोटी पट्टी बनवणं वेगळ्या दर्जाचं आहे, आणि त्या पायरीवर तो त्या आठवड्यात चढला. पहिल्याच दिवशी गाडीत बसवून येवल्याला नेलं असतं तर कदाचित चहाच्या टपरीवरचं तेच बोलणं पंधरा दिवस आधी झालं असतं, आणि नोकरी वाचली असती की नाही ते सोडा, हिशोबपट्टी तरी बनली नसती. सिनेमात पण बघा ना, लेन भाषण देत नाही, गाडी काढतो.

सिनेमा कधी दाखवायला हवा होता तर पोरगा जॉइन झाला त्या आठवड्यात. आणि खरं तर त्याच्यापेक्षा डेस्कला. बघणाऱ्याचं लक्ष ग्लासकडेच जातं, तो तसा बनवलाच आहे, पण शिकायचं असेल तर त्या मिनीबारच्या फोनकडे बघावं. केली प्रामाणिक माणूस होता, आपल्या लोकांसाठी भांडायचा, पुढे एप्रिल २००३ मध्ये इराकमध्ये वार्तांकन करताना गेला आणि सिनेमा त्यालाच अर्पण केलाय. त्याने फोन केला, तपासलं, पण प्रश्न असा विचारला की ज्याचं उत्तर सोयीचं येईल. फ्रीज मिळू शकतो का? मिळू शकतो. त्या खोलीत त्या दिवशी होता का, हे राहिलं. मॅडमचं 'एखादी म्हातारी गोणीत आणूच शकते' हे वाक्य मला त्याच जातीचं वाटतं.

आता पोर्टलवर पद्धत बदलली. ज्या बातमीत एकच सामान्य माणूस आहे त्याचा नंबर किंवा पत्ता आणि साधं रेकॉर्डिंग बातमीसोबत डेस्कला द्यायचं, छापायला नाही, ठेवायला. फोन नसेल तर शेजाऱ्याचा. वाचक पैसे द्यायला निघाले तर आपण मध्ये पडायचं नाही. रविवारच्या मजकुराचं वेगळं मानधन बंद केलं, यावर बाकीची पोरं नाराज आहेत आणि मला ती नाराजी रास्त वाटते, एकाने केलं म्हणून सगळ्यांचे पैसे कापायचे हे काही बरोबर नाही.

टिपेवरून अण्णा आणि मॅडम यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मॅडमनी लिहिलंय की या मजकुरातल्या व्यक्तीची खातरजमा होऊ शकली नाही. अण्णा म्हणतात, खातरजमा झालीये की, ती बाई नाहीये, मग सरळ खोटी बातमी होती असं लिहा. मॅडमना पोरग्याचं पुढचं आयुष्य दिसतं. ग्लासने नंतर कायद्याची डिग्री घेतली, पण जानेवारी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने त्याला वकिलीची परवानगी नाकारली, म्हणजे घटनेनंतर जवळपास सोळा वर्षांनी. हे त्या दोघांनी एकाच दिवशी वाचलं आणि दोघांनी आपापल्या बाजूने वापरलं.

पोरगा सध्या पुण्यात एका जाहिरातीच्या एजन्सीत कॉपी लिहितो. मध्यंतरी त्याचा मला मेसेज आला होता, पोर्टफोलिओत टाकायला जुन्या सदराच्या चार लिंक्स हव्यात, त्यावर आता नाव दिसत नाही तर ते परत लावता येईल का. चारही तपासून खऱ्या ठरलेल्यांपैकी होत्या, रामकुंडातला मुलगा धरून. मी मेसेज मॅडमना फॉरवर्ड केला. ब्लू टिक आली, रिप्लाय अजून नाही.